परदेशगमनाची पूर्वतयारी : लसटोचणी

मुलानें किंवा मुलीनें परदेशीं शिकावयास जावयाचें ठरलें, कीं घरांत तयारीला आरंभ होतो. प्रवेशपत्र, पासपोर्ट, व्हिसा, बँकेचें कर्ज, विमानाचें तिकीट, लोंकरीचे कपडे, आणि शेवटीं मेतकुटाची बरणी व लोणच्याचा डबा, अशी यादी वाढत जाते. या यादीच्या अगदीं तळाशीं, पुष्कळदां निघण्याच्या आठवड्यांतच, कोणाला तरी आठवण होते कीं, विद्यापीठानें लशींचा कसलासा कागद मागितला होता, तो राहूनच गेला. मग धांवपळ सुरू होते. कपडे एका दिवसांत शिवून मिळतील, तिकिटासाठीं चार पैसे जास्त मोजतां येतील. परंतु रोगप्रतिकारशक्ति ही वस्तु बाजारांत तयार मिळत नाहीं. ती ज्याच्या त्याच्या शरीरालाच निर्माण करावी लागते, आणि त्या कामाला लागणारा वेळ पैशानें, वशिल्यानें किंवा विनवणीनें कमी होत नाहीं. आजच्या भाषणांत मुख्यतः हीच गोष्ट मला आपणांपुढें मांडावयाची आहे : परदेशगमनाच्या यादींत लसटोचणीची जागा तळाशीं नसून सर्वांत वर आहे.

लस टोचल्याबरोबर अंगावर कवच चढतें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. लशीमध्यें रोगजंतु दुबळा करून किंवा मारून घातलेला असतो, अथवा त्याचा एखादा निरुपद्रवी अंश असतो. या पाहुण्याची शरीरांतील पांढऱ्या पेशींना ओळख पटते. त्याच्याशीं झुंजणारीं द्रव्यें, ज्यांना प्रतिपिंडें म्हणतात, तीं हळूं हळूं तयार होऊं लागतात. या कामीं साधारणतः दोन आठवडे जातात. शिवाय पुष्कळशा लशींची एक मात्रा पुरत नाहीं. पहिल्या मात्रेनें शरीराला शत्रूची ओळख होते, दुसरीनें ती ओळख पक्की होते आणि वर्षानुवर्षें टिकते. दोन मात्रा फारच जवळजवळ घेतल्या, तर दुसरीचा व्हावा तसा उपयोग होत नाहीं. म्हणून त्यांच्यामधील कमींत कमी अंतर ठरवून दिलेलें आहे, आणि तें पाळलेलें नसल्यास ती मात्रा हिशेबांत धरली जात नाहीं. उलटपक्षीं अंतर लांबलें, तर सहसा बिघडत नाहीं. राहिलेली मात्रा घेतली म्हणजे झालें, पुन्हां पहिल्यापासून श्रीगणेशा करावा लागत नाहीं.

परक्या देशानें आपल्याजवळ लशीचा दाखला कां मागावा, असा प्रश्न कोणी विचारील. याचें उत्तर इतिहासांत आहे. माणसें प्रवास करूं लागलीं, तेव्हांपासून रोगही त्यांच्याबरोबर विनातिकीट प्रवास करूं लागले. १९७२ सालचें उदाहरण घ्या. युगोस्लाव्हिया देशांत १९३० नंतर देवीचा रोगी आढळलेला नव्हता. हजची यात्रा करून इराकमार्गे घरीं परतलेल्या एका यात्रेकरूबरोबर तो रोग त्या देशांत आला. १७५ माणसांना देवी आल्या, त्यांपैकीं ३५ दगावलीं; आणि पुढील अनर्थ टाळण्यासाठीं सुमारें एक कोट ऐशीं लक्ष लोकांना लस टोचावी लागली. देवीचा रोग पुढें जगांतून नाहींसा झाला, आणि मे १९८० मध्यें तशी घोषणाही झाली. परंतु एका प्रवाशामुळें सबंध देशाला काय सोसावें लागतें, हा धडा कोणतेंही राष्ट्र विसरलेलें नाहीं.

लस आणि प्रवास यांचें नातें आपल्या मुंबईला तर फार जुनें आहे. देवीची लस युरोपांतून व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा मुक्काम करीत मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं अ‍ॅना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती प्रथम टोचण्यांत आली. हिंदुस्थानांत यशस्वी रीतीनें देवी काढलेली ती पहिली व्यक्ति होय. पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां डॉक्टर वाल्डेमार हाफकिन यांनीं येथेंच त्या रोगावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती आधीं स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नांवानें आजही उभी आहे. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार झालेल्या मेंदूज्वराच्या लशीनें, २०१० पासून आफ्रिकेंतील लक्षावधि मुलांना वांचविण्याच्या कार्यांत वांटा उचलला आहे. तेव्हां लस ही कोठली तरी परकी भानगड आहे, असें समजण्याचें आपणांस कारण नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. परदेशीं जाणाऱ्यानें ज्या लशी घ्यावयाच्या, त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला, सरकार मागतें त्या. दुसरा, विद्यापीठ मागतें त्या. आणि तिसरा, कोणीही न मागतां स्वतःच्या हितासाठीं घ्यावयाच्या. हे तीन वर्ग मनांत वेगळे ठेवले, म्हणजे अर्धा गोंधळ कमी होतो.

सरकारी नियमांत सर्वांत कडक नियम पीतज्वराचा, म्हणजे पिवळ्या तापाचा. आफ्रिकेंतील व दक्षिण अमेरिकेंतील कांहीं देशांत हा रोग आहे. आशिया खंडांत त्याचा शिरकाव अद्याप झालेला नाहीं. परंतु ज्या डासामार्फत तो पसरतो, तो एडिस जातीचा डास, जो आपल्याकडे डेंगीचा ताप पसरवितो, आपल्या प्रत्येक शहरांत आहे. सरपण रचलेलें आहे, केवळ ठिणगी पडावयाची आहे, अशी ही स्थिति असल्यामुळें भारत सरकार या बाबतींत कोणाचीही भीड धरीत नाहीं. अशा देशांतून सहा दिवसांच्या आंत येथें उतरणाऱ्या प्रवाशाजवळ वैध दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्यांत येतें. यांत नागरिक व परकीय असा भेद नाहीं. नोकरीनिमित्त केनिया, युगांडा, घाना अशा देशांत राहणाऱ्या आपल्या मंडळींनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. कारण अडचण जातांनाच येते असें नव्हे, सुटींत घरीं येतांनाही येते. ही लस सरकारनें नेमलेल्या केंद्रांतच मिळते. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनीं लागू होतो. मात्र जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियम असा झाला आहे कीं, एकदां घेतलेली लस जन्मभर चालते. त्याचें पिवळें पुस्तक पासपोर्टाइतक्याच काळजीनें जपावें.

इतर देशांचे नियम निरनिराळे आहेत. ब्रिटनला सहा महिन्यांहून अधिक काळ राहावयास जाणाऱ्या आपल्या नागरिकांस, त्या सरकारनें मान्य केलेल्या दवाखान्यांत क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. अमेरिकेचा विद्यार्थ्याचा व्हिसा लशीवांचून मिळतो; परंतु कायमच्या वास्तव्यासाठीं जाणाऱ्यांना लशींचा पुरावा द्यावा लागतो. जर्मनींत १ मार्च २०२० पासून गोवराविषयीं कायदा लागू आहे. त्याप्रमाणें शाळेंत किंवा बालकमंदिरांत जाणाऱ्या मुलास, तसेंच १९७० नंतर जन्मलेल्या व अशा संस्थांत किंवा रुग्णालयांत काम करणाऱ्यास, गोवराची लस घेतल्याचा किंवा तो रोग होऊन गेल्याचा पुरावा द्यावा लागतो. मुलाबाळांसह संसार हलविणाऱ्यांनीं याची चौकशी येथूनच करावी.

आतां विद्यापीठांच्या मागण्या. येथेंच आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत अधिक अडचण होते, आणि तिचें कारण मोठें विचित्र आहे. "आमच्या मुलाला सर्व लशी वेळच्या वेळीं दिल्या आहेत," असें आईबाप छातीठोकपणें सांगतात, आणि तें बहुधा खरेंही असतें. परंतु आपल्या देशाचें वेळापत्रक येथील परिस्थितीला अनुसरून आखलेलें आहे, आणि तिकडील विद्यापीठ स्वतःच्या देशाच्या वेळापत्रकानें हिशेब करतें. गोवराचेंच पाहा. आपल्याकडे तान्ह्या मुलांना गोवर लवकर गांठतो, म्हणून पहिली लस नऊ महिने पुरे होतांच देतात. अमेरिकन विद्यापीठें पहिल्या वाढदिवसापूर्वीं दिलेली मात्रा जमेस धरीत नाहींत. त्यांना गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्ही रोगांवरील एकत्रित लशीच्या, एमएमआरच्या, दोन मात्रा हव्या असतात. पहिली वाढदिवसानंतरची, आणि दुसरी त्यानंतर निदान २८ दिवसांनीं. आपल्या सरकारी कार्यक्रमांत गालगुंडाची लस नाहीं. नोव्हेंबर २०१८ मध्यें महाराष्ट्रांतील शाळांतून जी मोठी मोहीम झाली, तींतही लस होती ती गोवर व रुबेला या दोहोंचीच. आणि कित्येक घरीं तिची नोंद मुलाच्या कार्डावर झालेलीच नाहीं. त्यामुळें ज्या मुलाचें लसीकरण येथील दृष्टीनें पूर्ण आहे, तोच मुलगा तिकडील दप्तरांत अपुरा ठरतो.

ही केवळ कागदी अडवणूक आहे, असें मात्र समजूं नये. गोवराइतका झपाट्यानें पसरणारा दुसरा रोग क्वचितच सांपडेल. रोगी खोलींतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचे विषाणु हवेंत तरंगत राहूं शकतात, आणि ज्यांना प्रतिकारशक्ति नाहीं अशा दहा सोबत्यांपैकीं नऊ जणांना त्याची बाधा होते. लशीची एक मात्रा शंभरांतील सुमारें ९३ जणांचें रक्षण करते, दोन मात्रा सुमारें ९७ जणांचें. व्याख्यानगृहें आणि वसतिगृहें यांत हा फरक लहान नव्हे. कॅनडानें १९९८ सालीं आपल्या देशांतून गोवर हद्दपार केला होता. परंतु त्याची सांथ वर्षभर टिकून राहिल्यानें नोव्हेंबर २०२५ मध्यें त्या देशानें तो मान गमावला. गालगुंडाचेंही असेंच. २००६ सालीं अमेरिकेंत त्याचे साडेसहा हजारांहून अधिक रोगी आढळले, आणि त्यांत महाविद्यालयीन तरुणांचाच भरणा मोठा होता. विद्यापीठांत गोवराचा रोगी निघाला आणि आपल्या मुलाजवळ पुरावा नसला, तर त्याला सामान्यतः २१ दिवस वर्गाबाहेर ठेवतात. सहामाहींतील तीन आठवडे बुडणें म्हणजे काय, हें फी भरणाऱ्या पालकांस सांगावयास नको.

दुसरी महत्त्वाची लस मेंदूज्वराची, म्हणजे मेंदूवरील आवरणांस येणाऱ्या सुजेवरील. या रोगाचे जंतु शंभरांतील सुमारें दहा निरोगी माणसांच्या नाका-घशांत निमूटपणें वस्ती करून असतात. तरुणांत हें प्रमाण अधिक असतें. निरनिराळ्या प्रांतांतून आलेलीं मुलें एका छताखालीं राहूं लागलीं, एका पेल्यानें पिऊं लागलीं, कीं जंतूंची देवघेव होते आणि एखाद्या दुर्दैवी मुलाच्या रक्तांत ते शिरतात. रोग विरळा आहे, पण त्याची गति भयंकर आहे. सकाळीं ताप व डोकेदुखी म्हणून निजलेला तरुण दुसऱ्या दिवसापर्यंत अत्यवस्थ होऊं शकतो. उपचार होऊनही शंभरांतील दहा ते पंधरा रोगी दगावतात, आणि वांचलेल्यांपैकीं पांचांत एकापर्यंत कोणास बहिरेपण, कोणास मेंदूची इजा, तर कोणास हातपाय गमावणें असें कायमचें व्यंग राहतें. म्हणूनच अमेरिकेंत वसतिगृहांत राहावयास येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांकडून पुष्कळ विद्यापीठें ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार जातींच्या जंतूंवरील लस मागतात; सामान्यतः ती मागील पांच वर्षांतील असावी लागते. ब्रिटनमध्यें पंचविशीच्या आंतील नव्या विद्यार्थ्यांस ती सरकारी खर्चानें मिळते. तरी निघण्यापूर्वीं दोन आठवडे ती येथेंच घेणें अधिक शहाणपणाचें. या लशीनें बी जातीच्या जंतूंपासून रक्षण होत नाहीं. त्यासाठीं निराळी लस आहे. तेव्हां लस घेतलेल्यानेंही तीव्र ताप, ताठलेली मान, उजेड सहन न होणें, आणि कांचेचा पेला दाबून धरला तरी फिकट न होणारे अंगावरील लाल-जांभळे ठिपके, हीं लक्षणें ओळखावीं आणि तीं दिसतांच क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. मुलाला निरोप देतांना एवढें तरी त्याला पाठ करावयास लावा.

तिसरा प्रश्न क्षयाचा. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, मार्च १८८६ मध्यें डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं क्षयानें पुण्यांत निधन पावल्या, त्या वेळीं त्यांना बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. त्या काळीं क्षयावर लसही नव्हती आणि गुणकारी औषधही नव्हतें. बीसीजीची लस माणसाला प्रथम टोचली गेली ती १९२१ मध्यें. आज आपल्याकडे ती जन्मतःच देतात. बालकांना होणाऱ्या क्षयाच्या उग्र प्रकारांपासून ती चांगलें रक्षण करते; मोठेपणीं फुफ्फुसाच्या क्षयापासून मात्र तिचें रक्षण फारसें भरंवशाचें नसतें. म्हणून बीसीजी घेतली असली तरी विद्यापीठें क्षयाची तपासणी मागतात.

येथें एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट आहे. हाताच्या कोपराखालील भागांत सुई टोचून दोन-तीन दिवसांनीं तेथील गांठ मोजण्याची जी जुनी परीक्षा आहे, ती बीसीजी घेतलेल्या माणसांत क्षयाचा संसर्ग नसतांही होकारार्थी येऊं शकते. मग क्ष-किरण छायाचित्र, विशेषज्ञ, आणि अनाठायीं काळजी असा फेरा सुरू होतो. रक्ताची एक परीक्षा आहे, आयजीआरए नांवाची. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाहीं. विद्यापीठ चालवून घेत असेल, तर आपल्या विद्यार्थ्यांनीं तीच करवून घ्यावी. दुसरें असें कीं, एमएमआर किंवा कांजिण्यांची लस घेतल्यावर कांहीं आठवडे क्षयाची परीक्षा फसवी उत्तर देण्याचा संभव असतो. म्हणून ती परीक्षा लशीच्या दिवशींच, किंवा तत्पूर्वीं करावी. तें न साधल्यास निदान चार आठवडे थांबावें. परीक्षा होकारार्थी आली, तरी घाबरण्याचें कारण नाहीं. शरीरांत जंतु सुप्त असणें आणि क्षय झालेला असणें, या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुप्त जंतूंवर औषधोपचार आहे, आणि तो घेतल्यानें शिक्षण थांबत नाहीं.

राहिलेल्या लशींचा थोडक्यांत उल्लेख करतों. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी कार्यक्रमांत नाहीं, आणि उष्ण देशांत पुष्कळांना कांजिण्या बालपणीं न येतां मोठेपणीं येतात. मोठेपणीं आलेल्या कांजिण्या अधिक त्रासदायक ठरतात. मोठ्या मुलांना या लशीच्या दोन मात्रा निदान चार आठवड्यांच्या अंतरानें लागतात. "लहानपणीं येऊन गेल्या" हें तोंडी सांगणें कांहीं विद्यापीठांस पुरत नाहीं. त्यांना रक्ततपासणीचा दाखला हवा असतो. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांवरील टीडॅप नांवाची लस मागील दहा वर्षांत घेतलेली असावी लागते. आपल्याकडे जखम झाली म्हणजे देतात त्या केवळ धनुर्वाताच्या टोचणीनें तिची भरपाई होत नाहीं. बी प्रकारच्या काविळीच्या तीन मात्रा असतात : पहिली, तिच्यानंतर एक महिन्यानें दुसरी, आणि पहिलीपासून सहा महिन्यांनीं तिसरी. वैद्यकीय किंवा परिचारिकेच्या शिक्षणास जाणाऱ्यांना तर प्रतिपिंडें पुरेशीं तयार झालीं कीं नाहीं, याचाही पुरावा द्यावा लागतो.

वेळेचें महत्त्व किती, हें २०२१ सालच्या उन्हाळ्यांत सर्वांनीं पाहिलें. कोविशील्ड लशीच्या दोन मात्रांत त्या वेळीं ८४ दिवसांचें अंतर ठेवलेलें होतें, आणि विद्यापीठें ऑगस्ट-सप्टेंबरमध्यें उघडणार होतीं. हजारों मुलांची पहिली मात्रा झालेली, दुसरीला अवकाश, आणि प्रवासाची तारीख तोंडावर, अशी कोंडी झाली. अखेर जून महिन्यांत केंद्र सरकारनें परदेशीं शिकावयास जाणाऱ्यांपुरती २८ दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली, आणि दाखल्यावर पासपोर्टाचा क्रमांक घालण्याची व्यवस्था केली. ती सवलत एका महामारीच्या आणीबाणींतील होती. इतर लशींच्या बाबतींत कोणतेंही सरकार आपल्यासाठीं अंतर कमी करावयास बसलेलें नाहीं.

म्हणून एक साधें वेळापत्रक सुचवितों. समजा, ऑगस्टच्या मध्यास निघावयाचें आहे. तर फेब्रुवारींत, प्रवेश निश्चित झाला नसला तरीही, बालपणींचें कार्ड शोधून काढावें. तें डॉक्टरांना दाखवून काय कमी आहे तें ठरवावें आणि त्याच महिन्याच्या आरंभीं काविळीची पहिली मात्रा घ्यावी. एमएमआर व कांजिण्यांची लस त्याच दिवशीं घ्यावी. या दोन्ही जिवंत जंतूंच्या लशी आहेत. त्या एकाच दिवशीं चालतात, परंतु त्या दिवशीं न जमल्यास मग दोहोंत २८ दिवसांचें अंतर ठेवावें लागतें. मार्चमध्यें तिन्हींच्या दुसऱ्या मात्रा घ्याव्या. परीक्षा आटोपल्यावर मे-जूनमध्यें टीडॅप व मेंदूज्वराची लस. ऑगस्टच्या आरंभीं काविळीची तिसरी मात्रा. क्षयाची परीक्षा किती महिन्यांपूर्वींची चालते, हें विद्यापीठाच्या सूचनांत पाहावें आणि त्याप्रमाणें तिचा दिवस ठरवावा. ज्यांना उशीर झाला असेल, त्यांनीं निराश होऊन सर्वच सोडून देऊं नये. जेवढ्या मात्रा येथें होतील तेवढ्या घ्याव्या, आणि उरलेल्या तिकडे गेल्यावर पुऱ्या कराव्या; मात्र तिकडे त्याच लशीला येथल्यापेक्षां फार अधिक पैसे पडतात, हें ध्यानांत असूं द्यावें.

कार्ड हरवलें असल्यास काय करावें? ज्या डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयांत लशी दिल्या, तेथें जुन्या नोंदी मिळतात काय, तें प्रथम पाहावें. न मिळाल्यास रक्तांतील प्रतिपिंडें तपासून घेतां येतात, किंवा सरळ लस पुन्हां घेतां येते. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या व बी प्रकारची कावीळ यांच्या लशी पूर्वीं घेतलेल्या असतांही पुन्हां घेतल्यानें अपाय होत नाहीं. खोटा दाखला लिहून घेण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. त्या कागदानें दार उघडेल, पण रोगाला कागद वाचतां येत नाहीं.

दाखल्याविषयीं एक बारीकशी सूचना. आपण तारीख लिहितांना आधीं दिवस व मग महिना लिहितों. अमेरिकेंत आधीं महिना लिहितात. आपली पांच ऑगस्ट त्यांना आठ मे वाटते, आणि दोन मात्रांमधील अंतराचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून महिन्याचें नांव अक्षरांत, इंग्रजींत लिहवून घ्यावें. पासपोर्टावर जसें नांव तसेंच दाखल्यावर असावें. लशीचें नांव, प्रत्येक मात्रेची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का व नोंदणी क्रमांक हीं सर्व असावीं. मूळ प्रत प्रवासांत हातांतील पिशवींत ठेवावी, आणि एक प्रत घरीं.

लस सर्वांनाच सर्वकाळ चालते असें नाहीं, हेंही सांगणें माझें कर्तव्य आहे. जिवंत जंतूंच्या लशी गर्भवती स्त्रियांना, आणि कर्करोगाच्या उपचारांनीं किंवा अन्य कारणानें ज्यांची प्रतिकारशक्ति खालावली आहे त्यांना देत नाहींत. विवाह होऊन पतीबरोबर परदेशीं जाणाऱ्या तरुणींनीं एमएमआरनंतर निदान एक महिना गर्भधारणा टाळावी. पीतज्वराची लस कोंबडीच्या अंड्यांतील गर्भावर वाढवितात. म्हणून अंड्यानें ज्यांना तीव्र त्रास होतो त्यांनीं, तसेंच साठी उलटलेल्यांनीं, ती घेण्यापूर्वीं डॉक्टरांशीं अवश्य विचारविनिमय करावा. दंड दुखणें, बारीक ताप येणें, एमएमआरनंतर आठवड्यानें थोडी कसकस वाटणें, हीं चिन्हें शरीर कामाला लागल्याचीं आहेत. टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यांतच बसावें. क्वचित् येणारा तीव्र त्रास बहुधा तेवढ्या वेळांत दिसून येतो आणि त्यावर तेथेंच इलाज होतो.

शेवटीं तिसऱ्या वर्गाकडे, म्हणजे कोणी न मागतां घ्यावयाच्या लशींकडे वळतों. परदेशीं स्थायिक झालेलीं आपलीं माणसें मुलाबाळांसह सुटींत पुण्या-मुंबईस, नागपूर-कोल्हापुरास येतात. "आपल्याच घरीं तर जावयाचें," म्हणून तीं निश्चिंत असतात. परंतु तेथें जन्मलेल्या मुलांच्या शरीराला येथील पाण्याची संवय नसते. विषमज्वर आणि ए प्रकारची कावीळ हे दोन रोग अशा पाहुण्यांना नेमके गांठतात. दोहोंवर उत्तम लशी आहेत. विषमज्वराची नव्या प्रकारची लस तर नवी मुंबईच्या महापालिकेनें २०१८ सालीं मुलांना टोचली होती. ए प्रकारची कावीळ लहानपणीं बहुधा सौम्य असते, मोठेपणीं ती माणसाला महिना-महिना अंथरुणावर खिळवून ठेवते. शहरांतील सुखवस्तु घरांत स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या आपल्या इकडच्या तरुणांनाही ती आतां मोठेपणींच गांठूं लागली आहे, हें त्यांच्याही लक्षांत यावें.

श्रोतेहो, लस आपण आपल्यासाठीं घेतों हें खरें. पण ती तेवढ्यापुरतीच नसते. आपला मुलगा ज्या वसतिगृहांत राहणार, तेथें शेजारच्या खोलींत एखादा असा विद्यार्थी असेल, ज्याला आजारामुळें लस घेतांच येत नाहीं. त्याचें संरक्षण सोबत्यांनीं घेतलेल्या लशींवरच अवलंबून असतें. परक्या घरीं जातांना आपण रिकाम्या हातानें जात नाहीं, तसा संसर्ग घेऊनही जाऊं नये. तेव्हां ज्यांच्या घरीं पुढील वर्षीं कोणी निघणार असेल, त्यांनीं आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर कपाटांतील जुनी कागदपत्रें खालीं काढावीं आणि मुलाच्या बालपणींचें तें कार्ड शोधून ठेवावें. उद्यां डॉक्टरांकडे जातांना तेंच आधीं लागेल.